अण्णांच्या नावावरचं पिल्लू

आमच्या घरी कुत्रं आलं त्याला कारण माझी सुई.

मी एका लॅबमध्ये रक्त काढते. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, "मूठ आवळा" म्हणायचं आणि समोरचा घाबरू नये म्हणून काहीतरी बोलत राहायचं. मी बहुतेकांना विचारते, घरी कोण कोण असतं? माणसं घरच्यांच्या तक्रारी सांगायला लागली की सुई कधी आत गेली ते त्यांना कळतही नाही.

त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या बाई मात्र थेट सुईकडेच बघत होत्या. जणू मी फळ्यावर उदाहरण सोडवतेय आणि त्या पायऱ्या तपासताहेत.

"घरी कोण असतं?" मी विचारलं.

"मी, एक कुत्री आणि तिची पाच पिल्लं. चार देऊन झाली. एक राहिलंय."

आमच्या लेकीनं, म्हणजे मुंगीनं, कुत्र्यासाठी दोन वर्षं आमचं डोकं खाल्लं होतं. मुंगी अकरा वर्षांची आहे. सापडेल ते ओढत आपल्या कोपऱ्यात नेते म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. तिचं रडकं तोंड माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मी बोलून गेले, "आम्ही नेऊ का?"

"आधी ती सुई काढा," बाई म्हणाल्या.

मी सुई काढली, कापूस लावला. बाईंनी हात दुमडला आणि उभ्या राहिल्या. "घर बघितल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. रविवारी चारला येईन. घरातली सगळी माणसं हजर हवीत."

माझा नवरा सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करतो. बाहेरच्या खोलीतच त्याचं काम चालतं, त्यामुळे आमच्या घरात बसायला जागा भरपूर आणि एकही आपली नाही. रेक्झिन ठोकायला जे बारीक खिळे लागतात त्यांना चुका म्हणतात. त्या तो मूठभर तोंडात धरतो आणि एकेक ओठांवर आणून हातोडीनं मारतो. बोलायचं झालं तर चुकांच्या फटीतूनच बोलतो. सवयीनं मला ते समजतं.

मी त्याला सगळं सांगितलं. लॅबच्या फॉर्मवर बाईंनी 'निवृत्त गणित शिक्षिका' असं लिहिलं होतं, तेही सांगितलं.

त्याची हातोडी हवेतच थांबली. "उंच आहेत? घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला?"

"हो. ओळखतोस?"

त्यानं एकेक करून सगळ्या चुका तळहातावर काढल्या. "सातवीला गणिताला होत्या मला."

"मग चांगलंच की!"

"काय चांगलंय? सातवी मी दोनदा केली."

आता राहिले माझे सासरे. अण्णा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. तीस वर्षं दुकानादुकानांत जाऊन त्यांनी तराजू तपासले आणि तीस वर्षांत एकदाही ग्रॅमभराची सूट कुणाला दिली नाही. निवृत्त झाल्यावर तराजू सुटला, पण तोंड तसंच राहिलं. माणूस खोटं म्हणून बोलत नाही. मी या घरात पहिला चहा केला तेव्हा "पाणचट आहे" म्हणाले, आणि दोन कप प्यायले. मागे एका गिऱ्हाइकानं नव्या सोफ्यावर बसून विचारलं, टिकेल ना? नवरा तोंडातल्या चुका काढेपर्यंत अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "वर्षभर टिकेल. मग डावीकडून बसेल."

"अण्णा," मी म्हणाले, "रविवारी त्या बाई येतील तेव्हा तुम्ही काही बोलू नका हं."

"मी कशाला बोलतो! मला कुत्रं नकोच आहे."

"तेच बोलू नका."

"आपणहून बोलणार नाही. विचारलं तर मात्र खरं ते सांगेन."

मी मुंगीकडे बघितलं, मुंगीनं माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींच्या मनात एकच होतं, की बाईंनी अण्णांना काही विचारू नये.

रविवारी मी पहाटेपासून घर घासलं. नवऱ्यानं बाहेरच्या खोलीतला काथ्या, फोमचे तुकडे, फाटकी कव्हरं सगळं उचलून मोरीत कोंबलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि साडेतीनपासून दाराकडे तोंड करून उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना.

बरोबर चारला बाई आल्या. खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीतून एक तपकिरी डोकं बाहेर आलेलं. मुंगीच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. बाईंनी पिल्लू खाली सोडलं. त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ कपाटाखाली शिरलं.

"राहू दे त्याला," बाई म्हणाल्या. "ते तुम्हाला बघतंय, मीही बघते."

नवऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "अरे, तू शेवटच्या बाकावरचा. खिडकीतून बाहेर बघणारा."

"हो बाई."

"आता काय करतोस?"

"खुर्च्या, बाई. सोफे." त्यानं चुकांची वाटी पुढे केली. का केली देव जाणे. "ह्या चुका. ह्या मी तोंडात धरतो."

"वहीतही भरपूर असायच्या," बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

मग आमची तोंडी परीक्षा सुरू झाली. सकाळी पिल्लाला बाहेर कोण नेईल? मी म्हणाले, मी. साडेपाचलाच उठते मी, आवडतं मला. खायला कोण घालेल? मुंगी म्हणाली, मी, शाळेच्या आधी, आणि शाळेच्या नंतर, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतसुद्धा. घाण केली तर? नवरा उभ्या उभ्याच म्हणाला, "मी आहे ना बाई. मला स्वच्छता लागते." मोरीच्या दारातून काथ्याचा एक झुपका बाहेर डोकावत होता. मी सरकत सरकत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

बाईंनी मान डोलावली. मग त्या खिडकीजवळ बसलेल्या अण्णांकडे वळल्या.

"आणि तुमचं काय म्हणणं?"

मुंगीनं डोळे मिटले.

"सून सात वाजून दहा मिनिटांनी उठते," अण्णा म्हणाले. "तेही तिसऱ्या गजराला. नातीनं मासे पाळले होते, ते चार दिवस टिकले. मुलानं केरसुणी हातात घेतलेली मी आजवर पाहिली नाही. आणि तो विसरभोळा आहे. एकदा मुलीला घेऊन फोम आणायला गेला आणि फोम घेऊन आला."

"अर्ध्या तासात परत गेलो होतो मी," नवरा पुटपुटला.

"पाऊण," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला स्वतःला कुत्रं हवंय?" बाईंनी विचारलं.

"नको."

"का?"

"अंगावर उड्या मारतात. सगळा दिवस खातात." अण्णांनी कपाटाखाली पाहिलं. "आणि जीव लागला की आपल्या आधी जातात. एकदा झालं तेवढं पुरे."

माझ्या सासूबाईंना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात त्यांचं नाव निघालं की अण्णा खिडकी उघडायला उठत. त्या दिवशी मात्र उठले नाहीत. कपाटाखालून पिल्लानं एक शिंक दिली.

बाई उठल्या. झालं, गेलं पिल्लू, असं मी मनाशी म्हटलं. पण त्यांनी पिशवीतून एक वाटी, एक जुनं फडकं आणि लसीचं कार्ड काढून अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

"पिल्लू देते. पण या घराला नाही, यांच्या नावावर."

"माझ्या?" अण्णा ताडकन उभे राहिले. वाटी घरंगळत गेली. "अहो, मी नको म्हणालो!"

"घरात खरं बोलणारे तुम्ही एकटेच निघालात. बाकीच्यांना पिल्लू आवडतं, पण मी त्यांच्यावर मांजरसुद्धा सोपवणार नाही. महिन्यानं येईन. हयगय दिसली तर उचलून घेऊन जाईन."

आणि गेल्या. अण्णा कार्ड हातात धरून कपाटाकडे बघत उभे राहिले, कुणीतरी घर चुकून वऱ्हाड आत सोडून जावं तसे.

अण्णांना काम आवडो न आवडो, नावावर आलं की ते चोख करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून जुना दोन पारड्यांचा तराजू काढला, पितळी वजनं पुसली आणि पिल्लाला पारड्यात बसवलं. पिल्लाला दुसऱ्या पारड्यातली वजनं चावायची होती. ते पुढे वाकलं की तराजू खाली जाई, मागे सरलं की वर येई आणि दर वेळी त्याला स्वतःचंच आश्चर्य वाटे.

कुत्र्याशी कसं बोलतात हे अण्णांना ठाऊक नव्हतं. आयुष्यभर ते तराजूसमोर फक्त दुकानदारांशी बोलले होते आणि प्रत्येक दुकानदाराला शेठ म्हणत होते. तेच बाहेर पडलं.

"काय शेठ, स्थिर राहा. माप घेताना हलायचं नाही."

झालं, पिल्लाचं नाव शेठ पडलं. मुंगीनं वहीत चाळीस नावं लिहून ठेवली होती, ती वाया गेली. अण्णा त्याला अहोजाहोच करत आणि दूधही मापानंच घालत. "उठा शेठ. बाहेर चला. अहो, इथे नाही, बाहेर!" शेठ बाहेर सगळीकडे हुंगून येत आणि आत येऊन उंबरठ्याच्या आतल्या बाजूला कार्यक्रम उरकत. अण्णांनी वर्तमानपत्र पसरून ठेवलं तर शेठ त्या कागदाच्या कडेला, बोटभर अंतर सोडून, अगदी मापात करत.

एका सकाळी अण्णा तराजूपाशी बराच वेळ उभे होते. "शेठ, कालच्यापेक्षा दीडशे ग्रॅम जास्त भरताय. कुठे हात मारलात?"

हात मारला होता मुंगीच्या खोडरबरावर, माझ्या डब्यातल्या अंड्यावर आणि एका गिऱ्हाइकाच्या उशीतल्या फोमवर. फोम सगळ्या खोलीभर पांढरा पसरला होता आणि नवरा गुडघ्यांवर बसून तो वेचत होता. त्याच्या हातात केरसुणी होती. अण्णा त्याच्याकडे पाहून म्हणाले, "बघ, निदान एक तरी सुधारला."

पण खरा बदल रस्त्यावर झाला. आमच्या गल्लीत अण्णा दिसले की लोक दुसऱ्या बाजूनं जात. कुणाला काय ऐकून घ्यावं लागेल सांगता येत नसे. आता शेठमुळे माणसं थांबायला लागली. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानातून बाहेर येऊन म्हणाला, "किती गरीब आहे हो!" अण्णा म्हणाले, "दिसतो तसा नाही." न्हावी हसला. अण्णांना वाटलं, आपण काही विनोद केला की काय. घरी येऊन त्यांनी मला विचारलंसुद्धा, "यात हसण्यासारखं काय होतं?" दुसऱ्या दिवशी मात्र तेच वाक्य त्यांनी चांभारालाही ऐकवलं.

साडेपाचला कोण उठतं हे सांगायला नकोच.

महिना भरला. रविवारी चारला बाई आल्या, चपला दारात काढल्या आणि आत आल्या. मुंगीनं त्यांना आधी पिल्लाचं नाव सांगून टाकलं. मी चहा ठेवला. नवरा एका खुर्चीच्या पाठीला कापड ताणून बसला होता. हात सोडला तर सगळं सैल पडलं असतं, म्हणून तोंडात चुका घेऊन तसाच अर्धा उठला आणि अर्धा बसला.

"चालू दे तुझं," बाई म्हणाल्या. "शेठ! बस."

शेठ उभे राहिले.

"थांब."

शेठ निघाले.

"ये इकडे."

शेठ बाहेरच्या दाराकडे गेले आणि दिसेनासे झाले. बाईंनी नापास करताना करतात तशी ओठांची घडी घातली. "शिस्त नाही," त्या अण्णांना म्हणाल्या. "झोपतो कुठे?"

"स्वयंपाकघरात. पोत्यावर."

माझ्या हातातली गाळणी निसटली. शेठ अण्णांच्या पलंगावर झोपतो, अण्णांच्याच उशीवर. अण्णा उशीविना. मी मुंगीकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. अण्णा खोटं बोलले होते! नवऱ्याची हातोडी चुकीच्या जागी बसली.

"घरातलं काही फाडलं, कुरतडलं?"

"छे," अण्णा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. नवशिक्या चोरासारखे ते फक्त छताकडे बघत होते. "तसा त्याला नादच नाही."

तेवढ्यात शेठ आले. तोंडात एक चप्पल होती. म्हणजे चपलेतलं जे काही उरलं होतं ते. त्यांनी ते मोठ्या अभिमानानं खोलीच्या मधोमध ठेवलं.

"आणि ही?" बाईंनी विचारलं.

"ती माझी," अण्णा घाईनं म्हणाले. "जुनीच आहे. ती त्यानं नाही... ती मीच."

"तुम्हीच काय?"

"मीच तशी केली."

"चावलीत?"

अण्णांनी पुन्हा छताकडे पाहिलं. "हो."

बाई वाकल्या, चप्पल दोन बोटांनी उचलली, उलटी केली, सुलटी केली. "हिला बक्कल आहे. तासाभरापूर्वी मी ती पायात घालून निघाले होते. ही माझी चप्पल आहे."

चहा उतू गेला, पण तिकडे कोण बघतंय! अण्णांना मागे फिरायची सोय नव्हती. त्यांनी पाठ ताठ केली, जशी तीस वर्षं दुकानदारांपुढे करत आले होते.

"मग चुकून तुमची चावली असेल," ते म्हणाले.

बाईंनी चप्पल खाली ठेवली. "दात किती आहेत तुम्हाला?"

"सोळा," अण्णा म्हणाले. हे मात्र खरं होतं.

आणि बाई हसल्या. साधंसुधं नाही, पोट धरून, चष्मा काढून, डोळे पुसत. माझ्या नवऱ्यानं दोन वर्षं सातवीत काढली, पण हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो आधी दचकला, मग त्यालाही हसू फुटलं, आणि हसू फुटलं तशा तोंडातल्या सगळ्या चुका खाली सांडल्या.

क्षणात हसणं थांबलं. शेठ शेपूट हलवत तिकडे निघाले होते. जमिनीवर चमकणारं काहीही म्हणजे त्यांच्या लेखी खाऊ.

"धरा त्याला!" बाई ओरडल्या. मुंगीनं झेप घालून शेठला पोटाशी धरलं. आम्ही बाकीचे चौघे गुडघ्यांवर. बाईसुद्धा, नुसत्या मोज्यांवर.

"किती होत्या तोंडात?" बाईंनी विचारलं.

"नऊ, बाई."

"नक्की?"

"नऊ... दोन मारल्या होत्या, म्हणजे..."

"अकरातून दोन की नवातून दोन?"

नवऱ्याला घाम फुटला. "अकरा घेतल्या होत्या, बाई. दोन मारल्या. म्हणून नऊ."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि सोफ्याखाली हात घातला.

आठ सापडल्या. नववी सापडेना. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी शेठचं तोंड उघडून आत बोट फिरवलं, जिभेखाली पाहिलं, पोट चाचपलं. "शेठ, बोला काहीतरी," असं म्हणाले ते. "चला, डॉक्टरकडे. आत्ता चला." पायात चप्पल घालायचंही भान नव्हतं, शेठला छातीशी घेऊन अण्णा दारापर्यंत पोचलेसुद्धा.

नवऱ्याच्या हातोडीला एका टोकाला चुंबक असतं. तो मागून धावला आणि ती हातोडी अण्णांच्या भोवती, शेठच्या भोवती फिरवायला लागला. शेठच्या कानामागच्या केसांतून टक्‌कन आवाज आला. नववी चूक हातोडीला चिकटली.

अण्णा तिथेच, उंबरठ्यावर बसले. शेठनं त्यांचा चष्मा चाटून काढला. अण्णांनी चष्मा पुसला नाही.

"माझ्याकडून हयगय झाली," ते बाईंना म्हणाले. "आणि झोपतो तो माझ्या उशीवर. फोम खाल्ला, खोडरबर खाल्लं, एक छत्री खाल्ली. हे सगळं तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. पण तुम्ही घेऊन गेला असतात."

"वजन किती आहे?" बाईंनी विचारलं.

"आज सकाळी चार किलो साठ."

"चांगलं आहे." त्यांनी मोज्यांवरची धूळ झटकली. "मी घेऊन जाणार नव्हते. मला आता कंबर वाकवून पिल्लाच्या मागे धावणं जमत नाही. फक्त तुम्ही काय करता ते बघायचं होतं. आता मला पायात घालायला कुणीतरी काहीतरी द्या."

माझ्या चपला घालून बाई घरी गेल्या. बुधवारी अण्णा शेठला घेऊन त्यांना चपलांची नवी जोडी द्यायला गेले. अर्ध्या तासाचं काम, अडीच तासांनी परत आले.

"काय म्हणाल्या बाई?" नवऱ्यानं विचारलं. हातात काम होतं, पण हातोडी चालत नव्हती. "माझ्याबद्दल काही?"

"त्यांच्या दोन खुर्च्या आहेत दुरुस्तीच्या. म्हणाल्या, मुलाचा हात चांगला आहे, त्याच्याकडेच द्यायच्या."

नवऱ्यानं पुन्हा चुका तोंडात भरल्या आणि कामाला लागला. गालांवरून हसू लपत नव्हतं, म्हणून पाठ करून बसला.

मी अण्णांना पाणी दिलं. "आणि शेठची आई? तिनं ओळखलं का त्याला?"

"नाही. हुंगलं, गुरगुरली आणि हाकललं. हा तिच्या वाटीत तोंड घालायला गेला ना."

"अरेरे. वाईट वाटलं असेल."

"त्याला नाही वाटलं," अण्णा म्हणाले. मग शेठच्या गळ्यातला पट्टा सोडवत बराच वेळ बसले आणि मला म्हणाले, "ह्याला जरा दूध असेल तर दे. आज माप नको."